वनस्पतीशास्त्राची ओळ

एखाद्या तरुण मुलाला पगार विचारणं हे आमच्या भागात साधं काम नाही, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. त्याआधी निम्मं आयुष्य मी लोकांना पगार विचारण्यातच घालवलं होतं. बोर्ली पंचतनच्या बाजारात एका पतसंस्थेत मी हिशेब बघतो. कर्जाचा अर्ज आला की पगाराची पावती मागायची, कापून हातात किती येतात ते बघायचं, हप्ता झेपेल की नाही ते सांगायचं. टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस पगार सांगताना लाजत नाही आणि फुगवतही नाही, कारण पावती समोर असते. टेबल आणि पावती दोन्ही नसली की तोच प्रश्न वेगळा होतो.

घरात आम्ही दोघंच, मी आणि माझी मुलगी. तिची आई चार वर्षांपूर्वी गेली. आमचं घर गावाच्या दिघीकडच्या टोकाला आहे, मागे थोडी सुपारीची वाडी आहे. दोन्ही बाजूंच्या घरांना कुलूप असतं, ती गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. त्यामुळे आमच्या घरात कोणी मोठ्याने बोललं तरी ऐकायला तिसरं माणूस नाही, आणि आम्ही दोघं मोठ्याने बोलणारे नाही. घरात विचारपूस करणं, कोणाचं काय चाललंय ते काढून घेणं, हे सगळं तिच्या आईकडे होतं. ती गेल्यावर ते काम कोणीच उचललं नाही.

मुलगी तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. करत होती, वनस्पतीशास्त्र घेऊन. शेवटची परीक्षा झाली आणि मे महिन्यात एकदा जेवताना ती म्हणाली, "बाबा, मला एम.एस्सी. करायचंय. बॉटनीतच."

मी विचारलं, "ते करून लोक पुढे काय करतात?"

"म्हणजे?"

"म्हणजे काम काय मिळतं. हातात किती येतात."

"मला नाही माहीत."

"मग माहीत कोणाला असेल?"

"कोणाला तरी विचारा," असं म्हणून ती ताट घेऊन उठली.

ती चिडून म्हणाली होती हे मला आता कळतं. तेव्हा मला वाटलं की तिने मला काम सांगितलं आहे, आणि काम चांगलं होतं.

अलिबागला माझी धाकटी बहीण असते. तिचं मत होतं की मुलीने बी.एड. करावं. बी.एड.चं कॉलेज एसटीने तासाभरावर आहे, सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. पुढे जवळपास कुठे शाळा मिळाली तर तेही घरूनच. मला बहिणीचं म्हणणं फार आवडलं होतं. का आवडलं तेही मला ठाऊक होतं, म्हणूनच मी त्यावर भरवसा ठेवायला तयार नव्हतो. आपल्याला सोयीचा आकडा समोर आला की तो दोनदा तपासायचा, ही माझी कामातली सवय आहे.

म्हणून मी एक तक्ता आखला. आमच्या गावातली आणि शेजारच्या तीन-चार गावांतली पदवी किंवा पदविका घेतलेली मुलं-मुली, अलीकडच्या आठ-दहा वर्षांतली. रकाने असे: काय शिकले, पास होऊन किती वर्षं झाली, काम काय, राहायला कुठे, हातात येणारा पगार. शेवटी 'इतर' असा एक रकाना ठेवला, कारण तो कुठल्याही तक्त्यात लागतोच.

आमच्या घरात फोनला रेंज नाही. फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या मोरीवर उभं राहिलं की येते. रोज संध्याकाळी कामावरून आलो की मी कागद आणि पेन घेऊन मोरीवर जात असे. मुलगी चहाचा पेला फाटकाच्या खांबावर आणून ठेवायची आणि आत जायची.

कशासाठी विचारतोय ते मी कोणाला सांगत नव्हतो. हे मी मुद्दाम ठरवलं होतं. मुलीला शिकवायचं आहे असं सांगितलं असतं तर इंजिनिअरने इंजिनिअरिंगची तारीफ केली असती आणि फार्मसीवाल्याने फार्मसीची. मला कोणाचा सल्ला नको होता, नुसता आकडा हवा होता. म्हणून मी कोण बोलतोय ते सांगून सरळ विचारत असे, "तू काय शिकलास, सध्या कुठे आहेस, हातात किती पडतात?"

मला वाटलं होतं की निम्मे लोक सांगणार नाहीत. उलट सगळे आनंदाने सांगू लागले.

मेकॅनिकल झालेला एक मुलगा चाकणला असतो. तो म्हणाला, "एक्केचाळीस हजार, काका. आणि काका, मी दारूला हात लावत नाही."

मी 'इतर'मध्ये लिहिलं: दारूला हात लावत नाही.

बी.कॉम. झालेला एक कळंबोलीला ट्रकवाल्यांच्या ऑफिसात होता. "पस्तीस. पनवेलला वन बीएचके बघतोय काका, पुढच्या वर्षापर्यंत होईल." तेही लिहिलं.

डी.फार्म. झालेल्याचं बाजारातच मेडिकल आहे. तो घरी नव्हता, वडिलांनी फोन घेतला. "दुकान सोताचं हाय. पगाराचं काय इचारता, मालकच हाय तो. वरती दोन खोल्या काढल्यात नव्या. संडास आत हाय." माणूस भलताच मोकळा वाटला मला.

काशीदला एका रिसॉर्टमध्ये हॉटेल मॅनेजमेंट केलेला एक मुलगा आहे. त्याच्या आईने पगार सांगितला आणि लगेच व्हॉट्सअॅपवर त्याचा फोटो पाठवला, पदवीदानाच्या काळ्या झग्यातला. मला वाटलं, पदवी खरी आहे हे दाखवायला पाठवला असेल. पुराव्याची सवय लोकांना लागते आहे हे बघून बरं वाटलं.

दोन ठिकाणी वेगळं झालं. बोर्लीत माझा एक शाळेतला मुसलमान मित्र आहे. त्याचा मुलगा डिप्लोमा करून आखातात कंपनीत आहे आणि पुतण्या बी.ए. होऊन दिघीच्या बंदरावर गेटवर बसतो. मित्राने दोन्ही पगार सांगितले, ओव्हरटाइम धरून किती आणि सोडून किती तेही सांगितलं, आणि पुढे एक शब्द नाही. "अजून काय पाहिजे तुला?" म्हणाला. काही नको होतं.

दुसरं म्हणजे नर्सिंग केलेल्या एका मुलीचं घर. ती नवी मुंबईत मोठ्या हॉस्पिटलात आहे. तिच्या आईने माझा प्रश्न ऐकून घेतला आणि ती म्हणाली, "तिचं आम्ही बघतोय. तुम्ही परत फोन करू नका." मी लिहिलं: माहिती मिळाली नाही.

तक्ता भरत चालला होता. वनस्पतीशास्त्राची ओळ मात्र कोरी होती. आमच्या चार-पाच गावांत त्या विषयात पदवीच्या पुढे गेलेलं कोणी सापडेना. प्राणीशास्त्राचा एक मिळाला, तो बँकेत लागला होता.

या दिवसांत मुलगी बोलेनाशी झाली. आधीही ती फार बोलायची असं नाही, पण आता "जेवायला घेतलंय" आणि "गॅस बंद केला" एवढंच. चहाचा पेला खांबावर ठेवताना ती माझ्याकडे बघत नसे. निकालाची काळजी असेल असं मी धरून चाललो. तिची आई असती तर तिने पहिल्याच संध्याकाळी मोरीवर येऊन माझ्या हातातला फोन काढून घेतला असता. आपला प्रश्न बाहेर कसा ऐकू जातो हे आपल्याला आपल्याच घरातलं कोणीतरी सांगावं लागतं. माझ्याकडे सांगणारं कोणी उरलं नव्हतं, आणि जी एक सांगू शकली असती ती आतल्या खोलीत बसून होती.

जूनच्या सुरुवातीला पतसंस्थेच्या कामाने अलिबागला गेलो. काम लवकर आटोपलं म्हणून दुपारी जेवायला बहिणीकडे गेलो. तिने पाट मांडला, पाणी ठेवलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"वाढू का, की जावईबापूंकडेच जेवून आलास?"

"कोण जावई?"

"ते मी तुला विचारतेय. अख्ख्या तालुक्यात झालंय, एक मलाच माहीत नाही. सख्खी आत्या आहे मी तिची. वहिनी असती तर तिने पहिला फोन मला केला असता."

"अगं पण कशाचा फोन?"

"दादा, वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस. इंजिनिअरला फोन केलास, मेडिकलवाल्याला केलास, त्या काशीदच्या हॉटेलवाल्याचा तर फोटो आलाय तुझ्याकडे. त्याच्या आईने मला सांगितलं. माझ्या भिशीत आहे ती."

ती वाढत असताना मी तिला तक्त्याचं सांगितलं. कोणत्या शिक्षणाला किती पगार, ते बघत होतो, म्हटलं. पिशवीत कागद होता, तो काढून दाखवला. तिने कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"दादा, तुझ्या घरात लग्नाची मुलगी आहे. मुलीचा बाप फोन करून मुलाला पगार विचारतो. लोकांनी काय समजायचं? शिरगणती आलीय?"

दारूला हात लावत नाही. पनवेलला वन बीएचके. संडास आत. एकामागून एक सगळा 'इतर'चा रकाना डोळ्यांसमोरून गेला.

"आणि त्या नर्सच्या घरी कशाला फोन केलास?" बहिणीने पदर तोंडाला लावला. "तिच्या आईला काय वाटलं माहीत आहे?"

"काय?"

"की तू स्वतःसाठीच विचारतोयस."

मी हसलो नाही. नंतर एकदा हसू आलं, पण तेव्हा मी एकटा होतो आणि हसून लगेच थांबलो.

बहीणही हसायची थांबली. माझ्यासमोर बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "पोरीचा फोन आला होता काल. तिला मैत्रिणीने सांगितलं, तुझे बाबा माझ्या दादाची चौकशी करत होते म्हणून. ती रडली-बिडली नाही. एवढंच म्हणाली, आत्या, बाबांचं ठरलंच असेल तर अर्जाची फी कशाला फुकट घालवायची."

"तिने अर्ज भरला नाही?"

"नाही. शेवटची तारीख उद्या आहे म्हणे."

मी अर्धं जेवण टाकून उठलो. बहिणीने अडवलं नाही, डब्यात चार घावन बांधून दिले.

अलिबागहून आमच्या घरी यायचं म्हणजे मुरुडची एसटी, पुढे आगरदांडा, तिथून खाडी ओलांडायला बोट, दिघीला उतरून मिळेल ते वाहन. काशीदला गाडी बराच वेळ अडकून पडली, पर्यटकांच्या गाड्या रस्त्यावर आडव्या लावलेल्या होत्या. खिडकीतून समोर बायका-मुलं पाण्यात उभी राहून फोटो काढताना दिसत होती. मी मांडीवर तक्ता ठेवून बसलो होतो. रस्ताभर मला एकाच गोष्टीचा विचार होता. लोकांनी माझ्याबद्दल चुकीचं समजलं त्याचं मला फार वाटलं नाही. पण माझी मुलगी माझ्यासोबत एका घरात राहते, मी काय खातो, किती वाजता उठतो हे तिला माहीत आहे, आणि तिलाही वाटलं की मी तिला न विचारता स्थळ ठरवीन. तिला तसं वाटण्यासारखं मी काय केलं होतं? तिने येऊन विचारलं का नाही? मग असं वाटलं, मी तरी तिला काय सांगितलं होतं?

बोटीवर ओळखीचा एक म्हातारा भेटला. "काय, पेढे कवा?" म्हणाला. मी म्हटलं, "पेढे न्हाईत." तो म्हणाला, "आसं कसं, सगळं गाव बोलतंय," आणि डोळा मारला.

घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. ती मागच्या पडवीत वाळलेली सुपारी पोत्यात भरत होती. मी चपलाही काढल्या नाहीत.

"अर्ज का भरला नाहीस?"

तिने मान वर केली नाही. "कोणाचं ठरवलंत? इंजिनिअर की मेडिकल?"

"कोणाचंच नाही. तूच म्हणालीस ना, कोणाला तरी विचारा."

"मी?"

"मे महिन्यात. जेवताना. मी म्हटलं, एम.एस्सी. करून हातात किती येतात, तू म्हणालीस कोणाला तरी विचारा. म्हणून विचारत होतो."

आता तिने मान वर केली. मी पिशवीतून तक्ता काढून तिच्या हातात दिला. तिने हात झटकून तो घेतला आणि वरपासून वाचायला लागली. 'इतर'च्या रकान्यापाशी ती थांबली.

"'संडास आत.' बाबा, हे काय आहे?"

"त्यांनी सांगितलं. मी लिहिलं."

"बाबा, हे पगार नाहीत हो. ही स्थळं आहेत." आणि ती हसायला लागली. हसता हसता पोत्यावर बसली. तिच्या आईचं हसणं असंच होतं, आधी आवाज नाही आणि मग थांबत नाही. चार वर्षांत त्या पडवीत कोणी असं हसलं नव्हतं. मीही तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"म्हणजे हे सगळे आकडे फुगवलेले," ती डोळे पुसत म्हणाली. "मुलीच्या बापाला सांगायचा पगार आहे हा."

"हो. तक्ता बाद झाला."

"आणि बॉटनी कोरी का?"

"कोणी सापडलं नाही."

"म्हणजे काही मिळत नाही त्यात?"

"तसं म्हणता येणार नाही. माहिती नाही एवढंच म्हणता येईल. माहिती नसणं आणि पगार नसणं या दोन गोष्टी आहेत."

ती कागदाची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "आकडे राहू देत. तुम्हाला काय वाटतं?"

मला असं कोणी विचारत नाही. पतसंस्थेत विचारतात ते हप्ता बसतो का एवढंच.

"माझं धरू नकोस," मी म्हटलं. "मला तू इथे हवी आहेस. बी.एड. केलंस तर रोज संध्याकाळी घरी येशील, म्हणून मला बी.एड. बरं वाटतं. त्याचा तुझ्या पगाराशी काही संबंध नाही, आणि तुझ्या आवडीशीही नाही. ते वजा करून बघितलं तर माझ्याकडे बॉटनीच्या विरुद्ध काही उरत नाही."

तिने घडी घातलेला कागद माझ्या हातात परत दिला.

"अर्ज भर," मी म्हटलं. "चल, मोरीवर. उजेड आहे तोवर."

आम्ही दोघं मोरीवर उभे राहिलो. ती माझ्या फोनवर अर्ज भरत होती. फोटो अपलोड व्हायला वेळ लागत होता, मध्येच रेंज जात होती. ओटीपी आला की तो वाचून दाखवायचं काम माझं. एकदा उशिरा वाचला म्हणून बाद झाला, पुन्हा मागवावा लागला. "बाबा, घाई करा ना जरा," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी ती माझ्यावर नेहमीसारखी वैतागली याचं मला बरं वाटलं. फी भरल्याचा मेसेज आला तेव्हा अंधार पडत होता. आत येऊन आम्ही आत्याचे घावन खाल्ले.

घाटावरच्या एका विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला. ऑगस्टमध्ये मी तिला सोडायला गेलो. होस्टेलच्या खोलीत आणखी दोन मुली होत्या, एक नांदेडकडची आणि एक साताऱ्याची. तिने माझ्यासमोरच कपाटात कपडे लावले. मला तिथे काही काम नव्हतं. कपाटाचं कुलूप नीट लागतं का ते मी दोनदा बघितलं आणि निघालो.

परत आल्यावर संध्याकाळी मी सवयीने मोरीवर गेलो. खांबावर चहा नव्हता. हे काही मला अनपेक्षित नव्हतं, तरी मी खांबाकडे बघितलं.

मग मी तक्ता दुरुस्त करायला घेतला. चुकीचे आकडे घरात ठेवणं मला जमत नाही हे एक कारण. दुसरं कारण असं की त्या वेळी करायला दुसरं काही नव्हतं. या वेळी मी आधीच सांगत असे, "माझी मुलगी शिकायला गेली. लग्नाचा विषय नाही, कर्जाचा नाही. फक्त खरा पगार सांग."

चाकणचा इंजिनिअर मोकळेपणाने हसला. "मग सत्तावीस धरा, काका."

"आणि दारू?"

"काका!"

फार्मसीवाला या वेळी स्वतः फोनवर आला. "दुकान बाबांचं आहे. मला ते खर्चाला देतात, लागतील तसे." काशीदच्या मुलाचा पगार खरा निघाला, पण तो फक्त सीझनचा, चार महिने निम्म्यावर येतो. एकूण सगळे आकडे खाली आले. जसेच्या तसे राहिले ते माझ्या बोर्लीच्या मित्राच्या घरचे. त्याच्याशी माझी सोयरीक होण्यासारखी नव्हती, त्यामुळे त्याने पहिल्यांदाच खरं सांगितलं होतं.

कळंबोलीच्या बी.कॉम.वाल्याने विचारलं, "काका, नक्की स्थळ नाही ना?"

"नाही."

"मग सांगतो. काहीच नाही."

त्याची नोकरी हिवाळ्यातच सुटली होती. भाड्याची स्कूटर घेऊन तो पार्सलं पोचवत होता, तेही रोज मिळत नव्हतं. फ्लॅट वगैरे काही नव्हता, तिघांत एक खोली होती, त्यातला एक निघून गेला होता. वडिलांना वाटतं तो ऑफिसात आहे. "त्यांना सांगू नका हां काका," तो म्हणाला. नाही सांगणार म्हटलं. मग तो बोलतच राहिला. कुठे कुठे अर्ज केले, कुठे बोलावून परत पाठवलं, खोलीत पाणी किती वाजता येतं. मला वाटतं नोकरी सुटल्यापासून खरं बोलायला त्याला कोणी मिळालं नव्हतं. फोन ठेवण्याआधी मी विचारलं, "जेवलास का?" तक्त्यात तो रकाना नव्हता. "करतोय काहीतरी," तो म्हणाला.

त्याच्या ओळीत मी 'माहिती मिळाली नाही' असं लिहिलं. तक्ता दुसऱ्या कोणी बघितला असता तर त्याच्या वडिलांपर्यंत गेलं असतं.

गणपतीत आजूबाजूची घरं उघडली. माझी मुलगीही दोन दिवस आली. कुठल्याशा शेवाळाचे कागदावर चिकटवून वाळवलेले नमुने दाखवायला घेऊन आली होती. समुद्र आपल्या दारात, आणि हे शिकायला घाटावर, असं मी म्हटलं, तर ती म्हणाली, "दारात आहे म्हणून तर कोणी बघत नाही." एका घरी आरतीला गेलो तेव्हा त्या कळंबोलीच्या मुलाचे वडील भेटले. "पस्तीस हाय आता पोराला," ते म्हणाले. "सुटी न्हाय देत मेले, म्हनून आला न्हाय." आयुष्यात मी चुकीचा आकडा समोरून जाऊ दिलेला नाही. तो जाऊ दिला. "बरं हाय," म्हटलं.

मग घरं पुन्हा बंद झाली आणि मुलगी परत गेली. ती रोज संध्याकाळी फोन करते. तिच्याकडे मेसची घंटा झाली की ठेवते.

सुपारी सोलायला आली त्या दिवसांत एका संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. म्हसळ्याकडच्या एका गावातला माणूस होता.

"तुमची पोरगी घाटावर शिकते ना? काय शिकते?"

"वनस्पतीशास्त्र. एम.एस्सी."

"मग पुढं पगार-बिगार किती मिळंल?"

मी आवाज जरा कडक केला. "आधी मला सांगा, मुलगा काय करतो?"

"कसला मुलगा?"

"ज्याच्यासाठी विचारताय तो."

"मला मुलगा न्हाय हो," तो गोंधळून म्हणाला. "पोरगीच हाय. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्साला हाय. ती बी ह्येच म्हनते, झाडांचं शिकायचं. तुमच्याकडं कायतरी यादी हाय असं कोनतरी बोललं, म्हनून फोन केला."

मी त्याची माफी मागितली. मग माझ्याकडे जे आहे ते सांगितलं. इंजिनिअर इतके, नर्स इतके (ती माहिती शेवटी माझ्या बहिणीने मिळवून दिली), मेडिकल, हॉटेल, बंदर. वनस्पतीशास्त्राच्या ओळीत एकच मुलगी आहे, म्हटलं, तीही अजून शिकतेय, त्यामुळे तिथे आकडा नाही. कधी येईल तेव्हा तोही एकटीचा असेल, त्यावरून काही धरता येणार नाही.

"म्हंजे धाडू की नको?"

"ते या कागदावर नाही."

तो म्हणाला, "तुमच्या घरी आता कोन असतं?"

"मी."

"आनि?"

"मीच."

मग एक गाडी हॉर्न वाजवत गेली, ती फोनमधून ऐकू आली, माझा रस्ता रिकामा होता. तोही रेंजसाठी कुठेतरी रस्त्यावर येऊन उभा असावा.

"माझी बी एकलीच हाय," तो म्हणाला.

मी म्हटलं, "शेवटच्या तारखेपर्यंत थांबू नका. फोटो चढायला वेळ लागतो."